शोभेची रांग

नळीआत्याला खरं नाव आहे, पण ते दवाखान्याच्या केसपेपरवर आणि मतदारयादीत. बाकी सगळ्यांची ती नळीआत्या. दुसऱ्या बायका गळ्यात माळ घालतात, तशी हिच्या गळ्यात हातभर लांबीची काळी रबरी नळी. तिचे यजमान निवृत्त शाळामास्तर. ते म्हणतात, "लग्नात मी हिच्या गळ्यात काय घातलं होतं ते माझ्याही ध्यानात नाही. नळी मात्र सगळ्या गल्लीला पाठ आहे."

आत्याचं वय सदुसष्ट. सकाळी उठून देवापुढे डोकं टेकवायचं, हा तिचा न चुकणारा नेम. पण एकदा तिथे वाकली की दिवसभराचं वाकणं तिथेच संपलं. मग समोर साहेब येवो, सावकार येवो, मान ताठ.

पाणीपुरवठा खात्यात तिने तेहेतीस वर्षं गळती शोधायचं काम केलं. लोखंडी सळई रस्त्यावर टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय ते सांगायचं. हे काम आधी फक्त पुरुष करत. देव देणं देताना बाई-पुरुष बघत नाही, बघतात ती माणसं. नव्या इंजिनीअर साहेबांनी एकदा नकाशा पसरला आणि म्हणाले, "चौकात खणा." आत्या म्हणाली, "चौकात काही नाही. न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीखाली आहे." साहेब म्हणाले, "नकाशा काय सांगतो ते बघा, बाई." ती म्हणाली, "नकाशाला कान नसतात, साहेब." दोन दिवस चौक खणला, कोरडी माती निघाली. तिसऱ्या दिवशी पायरी उचलली तर खालून पाणी असं उसळलं की आत दाढी करायला बसलेलं गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन पळालं. साहेबांनी पुढे कधी माफी मागितली नाही, पण नकाशाही पुन्हा पसरला नाही.

अशा बाईला जुन्या जपानी स्पोर्ट्‌स गाडीचा नाद लागावा, याचं लोकांना नवल वाटतं. नवल कसलं? गाडीच तशी होती. भंगाराच्या आवारात एका भिंतीला टेकून उभी होती, खिडकीतून वेल आत गेलेला, पुढचं नाक लांबच लांब. डॅटसन दोनशे चाळीस झेड. पन्नास वर्षांपूर्वीची, सहा सिलिंडरची, आणि पेट्रोल-हवा मिसळून द्यायला दोन कार्बुरेटर. आत्याने बॉनेट उचललं, ते दोन कार्बुरेटर शेजारी शेजारी बसलेले पाहिले आणि म्हणाली, "या तर दोन जावा. सारखं वाढलं नाही तर घर पेटेल."

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा वर्षं ती गाडीशी झगडली. थोरला मुलगा पाढे शिकला ते पान्यांवरच्या आकड्यांवरून: दहा, बारा, चौदा. मास्तरांना गाडीची धास्ती. पहिल्यांदा तिच्या शेजारी बसून फिरून आले तेव्हा उतरून म्हणाले, "छान चालवतेस. माझे डोळे मिटलेले होते, पण वाऱ्यावरून कळलं."

आणि नळी? नळीचं एक टोक कानात, दुसरं चालत्या इंजिनच्या कार्बुरेटरच्या तोंडाशी. आत हवा ओढली जाते तिची फुसफुस ऐकायची. मग तेच टोक दुसऱ्याच्या तोंडाशी. दोन्हीकडे फुसफुस सारखी झाली की इंजिन जमलं. हल्ली याला काचेची उपकरणं मिळतात. आत्याने एक आणून बघितलं आणि मास्तरांना देऊन टाकलं. ते त्यात पेन्सिली ठेवतात.

दर रविवारी सकाळी बंद पडलेल्या फर्निचरच्या कारखान्याच्या आवारात जुन्या जपानी गाड्यांची मंडळी जमते. सात-आठ गाड्या, तेवढेच थर्मास आणि न संपणारी भांडणं.

"तुझी सुप्रा म्हणजे म्हैस आहे," सुतार म्हणायचा. त्याच्याकडे माझदाची आरएक्स-सेव्हन. तिच्या इंजिनात वर-खाली होणारे पिस्टनच नाहीत, आत तिकोनी चक्र भिंगरीसारखं फिरतं.

"म्हैस तर म्हैस," दातांचे डॉक्टर म्हणायचे. "तीन लिटरचं इंजिन, हवा कोंबणारे दोन टर्बो, जवळजवळ तीनशे घोडे. तुझी भिंगरी आधी नीट चालू तर होऊ दे."

"घोडे किती ते सांगता, ओढायचं किती ते कोण सांगणार?" सुतार पेटायचा. "तुमची दीड टनाची. वळणावर तिला वळवायची म्हणजे कपाट जिन्यावरून उतरवायचं."

यावर पोस्टमन हळूच हसायचा. त्याच्याकडे उघड्या टपाची इवलीशी एमएक्स-फाइव्ह. तिला ताकद बेताची, पण वजनही बेताचंच. तो कधी भांडायचा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आपली काय, पत्र टाकलं की पोचतं."

आणि सगळं ऐकून झाल्यावर आत्या म्हणायची, "टेकडीवर बघू."

टेकडीवर म्हणजे जुन्या दगडखाणीच्या खाजगी रस्त्यावर. वर्षातून एकदा खाणमालक तो अर्धा दिवस मोकळा करून देतो. तीन किलोमीटर चढ, अकरा वळणं. गाड्या एकामागून एक सुटतात. खाली मास्तर हात खाली करून घड्याळ दाबतात, वर कुणीतरी उभा राहून फोनवर "आली!" म्हणतो, की पुन्हा दाबतात. मग आकडा खडूने फळ्यावर. वर्षभराच्या बढायांचा तिथे हिशेब होतो. आत्या कधी पहिली आली नाही आणि कधी चुकली नाही. चौदा वर्षं.

यंदा डॉक्टर मंडळाचे प्रमुख झाले आणि त्यांनी नवा नियम काढला. प्रत्येक गाडी आधी रोलरच्या मशीनवर न्यायची. मागची चाकं रोलरवर ठेवतात, पट्ट्यांनी गाडी बांधतात, जागच्या जागी पळवतात आणि चाकांवर किती घोड्यांची ताकद पोचते ते मशीन छापून देतं. शंभराच्या वर आकडा आला तर गाडी टेकडीवर धावणार. शंभराच्या खाली आली तर शोभेच्या रांगेत. म्हणजे पायथ्याशी ओळीने उभं राहायचं, बॉनेट उघडं, पुढे पाटी. लोकांनी फोटो काढायचे.

"सुरक्षिततेसाठी आहे, आत्या," डॉक्टर म्हणाले. "जुन्या, दमलेल्या गाड्यांना चढावर त्रास नको."

"दमलेल्या कोण म्हणालं?"

"मशीन म्हणेल."

आत्याला खात्री होती. ही गाडी चाकांवर एकशेदहा-पंधरा देते, हे तिला पायाच्या तळव्याला माहीत होतं. मशीनवाल्याकडे गाडी दिली आणि समोरच्या टपरीवर चहाला गेली. तेहेतीस वर्षांत तिने आपली सळई कुणाच्या हातात दिली नव्हती. गाडी दिली, इथेच चुकली. परत आली तर कागद तयार होता: चौऱ्याण्णव.

पोस्टमनच्या गाडीचा एक्क्याण्णव. तो म्हणाला, "बरं," आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

आत्या गाडीकडे वळली. तिने बॉनेट उचललं. कार्बुरेटरच्या तोंडावरची एअर फिल्टरची पेटी जागेवर नव्हती. सबंध काढून कोपऱ्यात ठेवलेली.

"हे कुणी काढलं?"

"मीच सांगितलं काढायला," डॉक्टर म्हणाले. "श्वास मोकळा व्हावा म्हणून. तुमच्या भल्यासाठीच. आम्ही सगळे काढतो. जास्त हवा, जास्त ताकद. विज्ञान आहे ते."

"तुमच्या टर्बोवाल्या गाडीचं विज्ञान आहे ते. तिथे कॉम्प्युटर बसलाय, हवा वाढली की तो पेट्रोल वाढवतो. इथे कोण बसलंय? मी! आणि मी पेटी लावून पेट्रोल बेतलंय. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. दुधात पाणी घालून वर विचारता, साय का धरत नाही?"

सुतार हसला. डॉक्टर नाही हसले.

"ऐकायला पेटी काढायची, धावायला लावायची," आत्या म्हणाली. "परत चढवा मशीनवर."

"आत्या, भावना समजतात. पण एका गाडीचा एकच आकडा, असं ठरलंय. तुमच्यासाठी मोडला तर उद्या सगळेच मागतील."

"मागू देत ना!"

"आणि खरं सांगू का? वयाप्रमाणे..." डॉक्टरांनी स्वतःच्या कानाला बोट लावलं. "नळीवर किती दिवस भरवसा ठेवायचा?"

तेवढं बोलले आणि बाकीचे जमिनीकडे बघू लागले. आत्याने पेटी उचलली, जागेवर बसवली, तिन्ही पेच हाताने आवळले आणि गाडी घेऊन घरी आली.

घरी थोरला आलेला. बातमी त्याच्या आधी पोचलेली.

"आई, कशाला वाद घालतेस? उभी राहा ना रांगेत. लोक फोटो काढतील, कौतुक करतील."

"मी काय फुलदाणी आहे?"

"तू नाही गं, गाडी."

"गाडी तरी फुलदाणी आहे?"

"लोक हसतात, आई."

"हसू देत. तेवढेच डॉक्टरांना दात तपासायला मिळतात."

थोरल्याने बापाकडे पाहिलं. मास्तर पेन्सिलीला टोक करत बसलेले. आयुष्यात त्यांनी नियम मोडला नाही. मधली सुट्टी एक मिनिट लांबली तरी त्यांना झोप लागत नसे. "अहो बाबा, तुम्ही तरी समजवा."

"मी काय समजावणार?" मास्तर म्हणाले. "नियम आहे खरा." मग थोडं थांबून, "नियम केलाय चुकीचा, पण आहे खरा."

आत्या उठून आत गेली. मास्तरांचं हे "आहे खरा" तिला डॉक्टरांच्या बोटापेक्षा जास्त लागलं. शोभेच्या रांगेत एकदा उभं राहिलं की तिथून कुणी परत बोलवत नाही, हे तिला ठाऊक होतं. निवृत्तीच्या दिवशी खात्याने तिची सळई मागून घेतली आणि कचेरीत काचेच्या पेटीत लावली. खाली पाटी. तेव्हापासून त्या सळईने एक थेंब ऐकला नाही.

टेकडीच्या दिवशी सकाळी देवापुढे डोकं टेकवताना नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला, एवढंच. मग तिने नळी गळ्यात घातली आणि मास्तरांना म्हणाली, "चला, उशीर होईल तुम्हाला."

पायथ्याशी शोभेची रांग मांडलेली. पोस्टमनची गाडी तिथे उभी, बॉनेट उघडं, पुढे पाटी. खुद्द पोस्टमनला वर शेवटच्या रेषेवर फोन घेऊन उभं केलेलं. धावायचं नाही तर कामाला तरी ये, म्हणून. शेजारी आत्याची जागा रिकामी, तिच्याही नावाची पाटी तयार. आत्याने पाटीकडे पाहिलं, पुढे गेली आणि धावणाऱ्यांच्या ओळीत सगळ्यात शेवटी गाडी लावली.

डॉक्टर पळत आले. "आत्या, यादीत नाव नाही तुमचं."

"गाडी आहे ना? गाडीला यादी वाचता येत नाही."

"हसण्यावारी नेऊ नका. तुमचा नंबर आला की मी थांबवणार."

"थांबवा."

सहा गाड्या गेल्या. सुताराची भिंगरी किंचाळत गेली: दोन मिनिटं चव्वेचाळीस. डॉक्टरांची सुप्रा धीरगंभीर आवाज करत गेली: दोन एक्कावन्न. बाकीच्यांचे आकडे त्यामागे, शेवटचा तीन आठ. खाली उतरून आलेले डॉक्टर बघतात तर आत्याची गाडी सुरुवातीच्या रेषेवर, बॉनेट उघडं, इंजिन चालू, आणि आत्या कानात नळी घालून वाकलेली. एका जावेचं ऐकलं, मग दुसरीचं. एक पेच पावभर फिरवला. पुन्हा ऐकलं. नळी गळ्यात टाकली, पेटी बसवली, बॉनेट लावलं.

"झालं," ती म्हणाली. "घड्याळ लावा."

"मास्तर, घड्याळ लावायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "मंडळाचा ठराव आहे."

मास्तर हातातल्या घड्याळाकडे बघत राहिले. आत्या गाडीत बसली होती, काच खाली. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर विनवणी झाली असती, आणि विनवणी तिला करायची नव्हती.

"बाजूला घ्या गाडी, आत्या. नाहीतर मग मला—"

"डॉक्टर," मास्तर म्हणाले. "ठराव मंडळाचा आहे. घड्याळ माझं आहे. शाळेने दिलेलं. यावर मी तीस वर्षं पोरं धावताना मोजली. लंगडं पोर आलं तरी मोजलं. धावणाऱ्याला मोजायचं नाही, असा नियम मी कधी ऐकला नाही."

"अहो, पण वर पोस्टमनला मी सांगितलंय की—"

मास्तरांनी फोन कानाला लावला. "हॅलो. ही येते आहे. तू सांगशील का?"

पलीकडून पोस्टमनचा आवाज, इतका मोठा की सगळ्यांना ऐकू आला: "सांगतो! पाठवा!"

मास्तरांनी हात वर केला. आता आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. हात खाली आला.

गाडीने लांब नाक किंचित वर उचललं आणि निघाली. पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांना दिसली, मग नुसती ऐकू येत राहिली. दुसऱ्या गियरमधून तिसऱ्यात जाताना एक आवाज, वळणावर सोडल्याचा एक, पुन्हा धरल्याचा एक. कुठे अडखळली नाही, कुठे खोकली नाही. सुतार टोपी काढून उभा राहिला. थोरलाही आला होता, गर्दीच्या मागे. सातव्या वळणावर चाक घसरल्याचा आवाज आला तसा तो पुढे धावला. मास्तरांचे डोळे मिटलेले होते, अंगठा मात्र घड्याळावर.

"आली!" फोन ओरडला.

दोन मिनिटं अठ्ठावन्न.

डॉक्टरांनी फळ्याकडे पाहिलं आणि मोजलं. सातांत पाचवी. शंभराच्या वरच्या दोन गाड्या तिच्या खाली. खडू त्यांच्याच हातात होता, पण त्यांनी लिहिलं नाही. लिहिलं ते थोरल्याने. त्यांच्या हातून खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, नंतर थोडा वेळ ते बघत उभा राहिला.

डॉक्टरांनी फोन घेतला. "अभिनंदन, आत्या. आता मान्य करा मात्र. पाचवी आलात. मशीन काही अगदीच चुकीचं नव्हतं."

"पाचवी यायला धावावं लागतं, डॉक्टर," वरून आत्याचा आवाज. ती धापा टाकत होती. "रांगेत उभं राहून कितवी आले असते?"

"बरं बरं. झालं ना मनासारखं? आता खाली या. बारा वाजता खाणवाला फाटक लावणार."

"किती वाजलेत?"

"अकरा दहा."

"मग वेळ आहे. पोस्टमनला खाली पाठवलाय."

"कशाला?"

"गाडी आणायला. त्याची पाटी काढून ठेवा."

"आत्या! त्याचे एक्क्याण्णव आहेत!"

"असू देत. वजन विचारलंत का कुणी? आणि घाबरू नका, उतार आहे, पोस्टमनला तीन किलोमीटर काय. पळतच गेलाय तो. चपला इथेच राहिल्यात त्याच्या."

खाली डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर सदऱ्याच्या टोकाने घड्याळाची काच पुसत होते. सुतार शोभेच्या रांगेकडे गेला, पोस्टमनच्या गाडीपुढची पाटी उचलली आणि बॉनेट लावून टाकलं. शेजारच्या रिकाम्या जागेवरची आत्याची पाटी थोरल्याने आधीच उचलली होती. ती कुठे ठेवावी ते न सुचून तो काखेत धरून उभा होता.

"पण मग वर 'आली' म्हणून सांगायला कोण?" डॉक्टर फोनवर म्हणाले.

"मी आहे की."

"तुम्हाला ऐकू येईल..." ते थांबले.

"काय? बोला ना."

डॉक्टरांनी फोन मास्तरांच्या हातात दिला.

वर खाणीच्या कठड्यावर आत्या बसली होती. शेजारी गाडी, तापलेलं लोखंड टिकटिक करत निवत होतं. पायाशी पोस्टमनच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. तिने नळी गळ्यातून काढून मांडीवर ठेवली, पदराने कपाळ पुसलं. वीसेक मिनिटांनी खालून एक लहानसा, हलका आवाज सुरू झाला. पहिलं वळण, दुसरं. पोर भलतंच जोरात घेत होतं.

ती उठून रेषेवर जाऊन उभी राहिली, फोन तोंडाशी धरून.